अप्पर डेपो ते दोराबजींचे टेबल

आमच्या बिबवेवाडीत आता खाण्यापिण्याची ददात राहिलेली नाही. वडापावच्या गाडीपासून इटालियन पिझ्झा-पास्त्यापर्यंत सारे मिळते. थोरली दहावी पास झाली तेव्हा तिने पिझ्झाच मागितला. पण आई म्हणाली, "ते रबर माझ्या दातांनी तुटायचं नाही." मग एखाद्या जुन्या, घरच्याच माणसांनी चालविलेल्या हॉटेलात जायचे ठरले. कॅंपातले दोराबजी.

रविवारी आम्ही पाचजण अप्पर डेपोहून निघालो. स्वारगेटकडे जाताना डाव्या हाताला पर्वती दिसते. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी याच टेकडीवर आपल्या माणसांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला आणि दगडांचा मार खाल्ला. पुढारी होते शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज. हे कांबळे कॅंपातल्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. साहेबांच्या पंगती सांभाळता सांभाळता त्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' मासिक काढले. त्यांच्या हातचे साहेबाला चालत होते. देवळाची पायरी मात्र त्यांना बंद! कॅंपात पाऊल टाकले की आम्हाला हा माणूस आठवतोच.

दोराबजी अँड सन्स हे दस्तूर मेहेर रस्त्यावरचे हॉटेल १८७८ सालचे. म्हणजे पर्वतीवर दगड पडले तेव्हा त्याला ५१ वर्षे झाली होती. आरंभी चहा आणि बन-मस्का एवढाच कारभार होता. पारशी जेवण नंतर आले. बापाकडून मुलाकडे असे ते एकाच घराण्यात चालत आले आहे. झगमगाट काही नाही.

आम्ही धनसाक मागविले. डाळी, भोपळा आणि मटण एकजीव शिजवायचे, सोबत तपकिरी भात. पारशी लोक ते रविवारी आवडीने खातात, पण लग्नकार्यात करीत नाहीत. घरात मयत झाली की चौथ्या दिवशी करतात. मुलींना हे सांगितले तर धाकटीने चमचा खाली ठेवला! आई मात्र निवांत जेवत होती. "आपल्या येसराच्या रश्श्याची सर नाही, पण बरं आहे," म्हणाली.

जेवण झाले. आईने आपला ग्लास उचलला आणि इकडेतिकडे पाहू लागली.

"काय पाहिजे, आई?"

"कुठं विसळायचा?"

मुली हसल्या. आम्हाला हसू आले नाही. आईच्या गावच्या हॉटेलात आपल्या लोकांचे कप बाहेर वळचणीला असत. खाली बसून चहा प्यायचा, कप आपणच विसळायचा, परत तिथेच ठेवायचा. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ साली झाला, तेव्हा आई दहा वर्षांची होती. कप पुढेही बरीच वर्षे वळचणीलाच राहिले. एवढ्यात वाढप्या आला. "राहू द्या, मावशी," म्हणत त्याने ग्लास हातातून घेतला.

मग तिथेच बसून मुलींना बडोद्याची हकीकत सांगितली. १९१७ साली अमेरिकेतून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. पारशी माणसाच्याच टेबलावर ही गोष्ट सांगताना अवघडल्यासारखे झाले खरे, पण सांगितली. थोरलीने विचारले, "मग आता असं कुणी काढू शकतं का?"

संविधानाच्या १५ व्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले असे शब्द लिहिलेलेच आहेत. जातीच्या कारणाने तिथे कुणालाही अडविता येत नाही. थोरलीला नागरिकशास्त्रात पैकीच्या पैकी गुण होते. पण कलमात 'हॉटेले' हा शब्द कशासाठी आला, हे तिला त्या दिवशी आजीच्या ग्लासाने कळले असावे.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. पर्वती मागे पडली तशी थोरलीला म्हणाली, "पुढच्या रविवारी तुझा तो पिझ्झा. मी कवळी बसवून येते."