न घडलेल्या गोष्टींचा बायोडाटा

पुंडलिकनगरच्या रस्त्यावर झेरॉक्सच्या दुकानांत बायोडाटाचा छापील फॉर्म मिळतो. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, राष्ट्रीयत्व, वैवाहिक स्थिती, शिक्षण, भाषा, छंद. छंदापुढे ‘वाचन, क्रिकेट’ आधीच छापलेलं. शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे’ आणि सहीची जागा. अकाउंटंट असो, वॉचमन असो की व्हॅन ड्रायव्हर, फॉर्म तोच. गाडीबद्दल त्यात एकही रकाना नसतो.

तिथं एका मित्राचं डीटीपीचं दुकान आहे. मराठी मजकूर तपासायला मी संध्याकाळी जाऊन बसतो, त्यामुळे बरेच बायोडाटा नजरेखालून जातात. सगळ्यात अवघड असतात ते ड्रायव्हरांचे. शिकलेल्या माणसाजवळ मार्कशीट असते, वेल्डरजवळ आयटीआयचं प्रमाणपत्र. ड्रायव्हरजवळ लायसन्स असतं. पण लायसन्स एवढंच सांगतं की या माणसाला गाडी चालवायची परवानगी आहे. तो कशी चालवतो, हे कोणत्याच कागदावर नसतं.

मागच्या वर्षी चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ आले. मालकानं गाड्या विकल्या होत्या. एका ट्रान्सपोर्ट ठेकेदारानं व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रेझ्युमे पीडीएफमध्ये पाठवा’ असं कळवलं होतं. त्यांनी वहीच्या पानावर लिहून आणलं होतं : ‘अनुभव १४ वर्षे. प्रामाणिक, मेहनती, निर्व्यसनी.’ बस. चौदा वर्षांची अडीच ओळींत बोळवण!

प्रामाणिक आणि मेहनती हे शब्द प्रत्येकाच्याच बायोडाटात असतात, म्हणून ते कुणीच वाचत नाही. मी त्यांना साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाडी कोणती होती? रस्ता कोणता? माणसं किती? वेळ काय? बंद पडली तर काय करायचात? डिझेलचा हिशेब कुणाकडे?

हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. पहिली पाच वर्षं छोटा हत्ती. पहाटे जाधववाडीच्या मार्केटमधून भाजीपाला भरायचा आणि उजाडायच्या आत शहरातल्या दुकानांना पोचवायचा. नंतरची नऊ वर्षं स्टाफची व्हॅन. त्यातली पाच गारखेडा, पुंडलिकनगर, सिडको भागातून कामगार घेऊन चिकलठाणा एमआयडीसीत. तीन पाळ्यांचं काम. शेवटची चार एका रुग्णालयाच्या रात्रपाळीची. साडेअकराला सुटणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांना एकेकीच्या दारापर्यंत सोडायचं. टायर बदलणं, फ्यूज, फॅन बेल्ट, बॅटरी स्वतः बघायचं. डिझेल आणि किलोमीटरची वही रोज भरायची.

“हे लिहायचं असतं होय?” त्यांनी विचारलं.

हेच लिहायचं असतं. ठेकेदाराला चौदा वर्षांशी घेणंदेणं नसतं. वाळूज किंवा शेंद्र्याच्या पाळीवर त्याला वेळ पाळणारा माणूस हवा असतो. शाळेच्या व्हॅनला मुलांवर न खेकसणारा हवा असतो. वेरूळ-अजिंठ्याला पर्यटक नेणाऱ्याला घाट माहीत असलेला आणि चार शब्द हिंदी-इंग्रजी बोलणारा हवा असतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी तोच कागद पाठवण्यात अर्थ नसतो; ज्याचं काम, त्याला लागणारी ओळ सगळ्यात वर आणावी लागते.

लायसन्सची माहिती नावाच्या लगेच खाली हवी. कार्डावर वैधतेच्या दोन तारखा असू शकतात : एक खासगी वाहनासाठी, दुसरी परिवहन वाहनासाठी. बरेच जण लांबची तारीख पाहून पहिली लिहितात आणि वाचणारा नेमकी दुसरी शोधत असतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर परिवहन लायसन्सची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे. बॅज असेल तर त्याचा क्रमांक द्यावा. ज्यांच्याकडे फक्त हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स आहे, त्यांनीही खचून जायला नको. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला : या लायसन्सवर ७,५०० किलोंपेक्षा कमी एकूण वजनाचं परिवहन वाहन चालवता येतं, वेगळ्या नोंदीची गरज नाही. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक मालाची वाहनं तेवढी यातून वगळली आहेत. छोटा हत्ती चालवणाऱ्या पोरांना हा निकाल माहीत असायला हवा.

खरी अडचण पुढे आली. चांगला ड्रायव्हर कुणाला म्हणायचं? ज्याच्या हातून काही घडलं नाही, त्याला. गाडी धडकली नाही, कुणी जखमी झालं नाही, पाळी चुकली नाही. इतर कामांत माणूस केलेल्या गोष्टी सांगतो. इथं न झालेल्या गोष्टी हेच कर्तृत्व, आणि न झालेल्या गोष्टींची पावती कुणी देत नाही. ई-चलानसुद्धा गाडीच्या नंबरवर निघतं. मालकाच्या गाडीवर दुसऱ्यानं सिग्नल तोडला तरी नोंद त्याच गाडीला. पगार रोखीत, त्यामुळे बँकेत खूण नाही. मालकाकडे अनुभवपत्र मागितलं, तर त्यानं फोन उचलणं बंद केलं.

मी सुचवलं, “एकही अपघात नाही, असं लिहू या.” ते नाही म्हणाले. सेव्हन हिलजवळ एकदा एक दुचाकी मागून येऊन घासली होती. चूक त्यांची नव्हती, पण ‘एकही नाही’ म्हणणं खोटं ठरलं असतं. मग आम्ही लिहिलं : ‘नऊ वर्षांच्या प्रवासी वाहतुकीत गाडीतील एकही प्रवासी जखमी नाही.’ हे पहिल्यापेक्षा जड वाक्य आहे, कारण ते तपासता येतं. तीन वेळा ‘प्रामाणिक’ लिहून जे साधत नाही, ते इथं तो शब्द न वापरता साधलं.

मग त्यांनी आवाज खाली करून विचारलं, “भाई, नाम पूरा डालना क्या?”

हा प्रश्न मला नवा नव्हता. आडनावाऐवजी अद्याक्षर टाका म्हणणारे येतात, त्यांत आमचे लोक असतात आणि दलित पोरंही असतात. त्यांची भीती मनाची नाही. शहरातल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅट्टवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवून पाहिले होते. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश होती. तो अभ्यास पदवीधरांच्या नोकऱ्यांचा होता. पण व्हॅनच्या ठेकेदाराचे डोळे काही वेगळ्या मातीचे नसतात. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करू देत नाही. ठेकेदाराच्या टेबलापर्यंत ते पोचत नाही.

तरी मी पूर्ण नाव टाकायला सांगितलं. यात शौर्य काही नाही, व्यवहार आहे. लायसन्सची प्रत सोबत जाणारच आहे आणि तिच्यावर नाव पूर्णच आहे. कागदावर एक आणि कार्डावर दुसरं दिसलं, की वाचणाऱ्याला शंकेला निमित्त मिळतं. धर्म आणि जातीचे रकाने मात्र आम्ही काढून टाकले. व्हॅन चालवायला ते लागत नाहीत, आणि कुणी मागितलेही नव्हते. पत्त्यात शहराचं नाव काय लिहायचं, यावर दुकानात थोडी चर्चा झाली. लायसन्सवर औरंगाबाद, सरकारदरबारी आता छत्रपती संभाजीनगर. नवं नाव लिहून पुढं एमएच-२० लायसन्स क्रमांक दिला, तेवढं पुरतं.

आता राहिला संदर्भाचा रकाना. लोक तिथं नगरसेवकाचं किंवा एखाद्या बड्या माणसाचं नाव टाकतात. त्या बड्या माणसानं यांना गाडी चालवताना कधीच पाहिलेलं नसतं. मी विचारलं, तुम्हाला चालवताना रोज कुणी पाहिलं? ते म्हणाले, मागच्या सीटवरच्या लोकांनी.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती लागते आणि घरापर्यंत सुरक्षित वाहतुकीची सोय करावी लागते. कायद्यातली ती ‘सोय’ म्हणजे शेवटी स्टिअरिंगवरचा एक माणूस असतो. चार वर्षं त्यांच्या व्हॅनमधून घरी जाणाऱ्या, त्या रुग्णालयाच्या लॅबमधल्या एक ताई होत्या. त्यांना फोन करून विचारलं, संदर्भ म्हणून तुमचा नंबर दिला तर चालेल का? त्या लगेच हो म्हणाल्या.

ठेकेदारानं बायोडाटातलं काय काय वाचलं, मला माहीत नाही. त्यानं ताईंना फोन केला, एवढं त्यांनीच नंतर सांगितलं. माणूस कसा आहे, असं त्यानं विचारलं. ताई म्हणाल्या, “आमची पाळी साडेअकराला सुटायची. गाडीत बसले की मला झोप लागायची. घर आलं की ते उठवायचे.”

पुढच्या सोमवारपासून ते कामावर गेले.