घड्याळाशी शर्यत

शर्यत म्हटली, की प्रतिस्पर्धी आलाच, अशी आपली समजूत असते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत स्वारांचा जथा बोरघाट चढून लोणावळ्याकडे येतो, तेव्हा प्रत्येकाची दृष्टी दुसऱ्याच्या चाकावर खिळलेली असते. पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवावा, दम राखावा आणि संधी साधून पुढे निघावे, ही त्या शर्यतीची रीत. परंतु सायकलची आणखी एक शर्यत आहे. तीत स्वार ठरावीक अंतराने एकेकटे सोडले जातात. कोणाच्या आडोशास जाण्याची मुभा नसते. नेमलेले अंतर जो सर्वांत कमी वेळात कापील, तो विजयी. हिला ‘टाइम ट्रायल’ म्हणतात. येथे प्रतिस्पर्धी दिसत नाही. दिसते ते केवळ घड्याळ.

या शर्यतीच्या निवडीसाठी तयारी करणारा इंदुरीचा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. पावसाळ्याचे दिवस. गावाजवळून इंद्रायणी दुथडी भरून वाहत आहे. काठावर सरसेनापती खंडेराव दाभाडे यांची जुनी गढी भिजून उभी आहे आणि पलीकडे तुकोबांच्या चिंतनाने पावन झालेला भंडारा डोंगर ढगांत अर्धा बुडाला आहे. तळेगाव-चाकण रस्ता दिवसा मालमोटारींनी गजबजून जातो. म्हणून मुलाने रविवारची सकाळ निवडली आहे. चाकणच्या दिशेने १० किलोमीटर जायचे आणि त्याच वाटेने परतायचे, असा त्याचा बेत आहे.

पहिल्या रविवारी तो वेशीवरून बाणासारखा सुटला. पायांना जणू पंख फुटले होते. १० किलोमीटर अवघ्या २० मिनिटांत सरले. आपण इतके बलवान आहोत, हे त्याला आजवर ठाऊकच नव्हते! मोठ्या अभिमानाने त्याने सायकल वळवली आणि तोच पश्चिमेचा वारा छातीवर आदळला. जाताना हाच वारा पाठीशी होता. त्याने दिलेले बळ मुलाने आपले मानले होते. आता मांड्या भरून आल्या, श्वास पुरेना. परतीस ३० मिनिटे लागली. वेशीवर तो सायकलला टेकून कितीतरी वेळ मान खाली घालून उभा राहिला.

त्या रात्री त्याने वही उघडून हिशेब मांडला. जाताना ताशी ३० किलोमीटर वेग, येताना २०. सरासरी २५ यावी. पण आली २४. असे का व्हावे? कारण मंद वेगाने जाताना वेळ अधिक खर्च होतो. मग राखलेली शक्ती तेथेच वेचणे शहाणपणाचे नव्हे काय? शिवाय हवेचा स्वभावही विलक्षण आहे. शांत हवेत वेग दुप्पट केला, तर तिचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. आधीच वेगात असता आणखी थोडा वेग मिळवू पाहणे फार महाग पडते.

पुढच्या रविवारची तयारी निराळी होती. आदल्या रात्री तो लवकर निजला. सकाळी चाकांतील हवा तपासली, साखळीला तेल दिले, ब्रेक पाहिले, हेल्मेटचा पट्टा आवळला. पाव तास सावकाश सायकल चालवून अंग गरम केले आणि मगच घड्याळ सुरू केले. आरंभीच पाय पुन्हा धावू पाहू लागले. पण त्याने त्यांना आवरले. उधळू पाहणाऱ्या बैलाची कासरा धरून समजूत घालावी, तसे. जाताना साडेएकवीस मिनिटे लागली. वळताच त्याने कोपरे अंगाशी घेतली, पाठ वाकवली आणि राखलेले सारे बळ वाऱ्यासमोर ओतले. परतीस २७ मिनिटे लागली. जाताना दीड मिनिट गमावले, येताना तीन मिनिटे कमावली.

दीड मिनिटाची ही बचत क्षुल्लक वाटेल. परंतु या शर्यतीत एकेका सेकंदाचे मोल असते. १९८९ साली ‘टूर द फ्रान्स’ या तीन आठवड्यांच्या शर्यतीचा अखेरचा टप्पा व्हर्साय ते पॅरिस असा २४.५ किलोमीटरांचा होता आणि तोही टाइम ट्रायलचा. फ्रान्सचा लोराँ फिन्याँ ५० सेकंदांनी आघाडीवर होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने कोपरे टेकवून पुढे झुकता येईल असे हँडल लावले होते आणि वाटेत आपली वेळ कोणी सांगू नये, असे बजावून ठेवले होते. त्याने ते अंतर २६ मिनिटे ५७ सेकंदांत तोडले. फिन्याँला ५८ सेकंद अधिक लागले. सुमारे ३,२८५ किलोमीटरांच्या त्या शर्यतीचा निकाल अवघ्या ८ सेकंदांनी लागला.

इंदुरीच्या मुलाची निवड होईल किंवा न होईल. त्याच्याहून चपळ मुले मावळात पुष्कळ असतील. परंतु वारा पाठीशी असताना परतीच्या वाटेची आठवण ठेवावी, एवढे तो त्या रस्त्यावर शिकला आहे. आता वेशीवरून निघण्यापूर्वी तो प्रथम क्षणभर थांबतो आणि वारा कोठून येतो आहे, ते पाहतो.