पंच मारलेली गाणी

भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये लेथवरून उतरलेली पिन हातात आली की माणूस ती अंगठ्याखाली फिरवून बघतो आणि म्हणतो, "फिनिश झकास आलंय." मशीनवर झाली म्हणून तिची किंमत कमी होत नाही. उलट मशीन नवं असेल तर मालक ते चार जणांना बोलावून दाखवतो. हाच माणूस संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसतो, स्पीकरवर नवं गाणं लागतं, आणि त्याचं तोंड वाकडं होतं. "यात गाणं कुठाय? सगळं मशीनवर केलेलं!" आठ तास मशीनची मर्जी सांभाळून आलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकलं की मला हसू येतं, आणि हसून झाल्यावर जरा चीडही येते.

निगडीहून चाकणला जाणाऱ्या बसमध्ये मी बरीच वर्षं गाणी ऐकतोय. आवडनिवड आपली चालत नाही, पेन ड्राइव्ह ड्रायव्हरचा असतो. फर्स्ट शिफ्टला, उजाडायच्या आत, प्रल्हाद शिंदे ठरलेले. एकाच गळ्यात कव्वाली, भीमगीत आणि विठ्ठल. त्या आवाजाला कडा आहेत. वर चढताना तो किंचित फाटतो, आणि नेमका तिथेच पंढरपूर जवळ आल्यासारखं वाटतं. मागे घुमणारा नाद माझ्या कानाला देवळातला वाटत नाही, स्टुडिओतला वाटतो. म्हणून काही बिघडत नाही. मोशी संपते, इंद्रायणीचा पूल येतो, तोवर अर्धी बस झोपलेली असते आणि अर्धी गुणगुणत असते.

थर्ड शिफ्टला बिहार-पूर्वांचलची पोरं जास्त. मग भोजपुरी लागते. आवाज इतका घासून, तासून आलेला असतो की माणूस गातोय की हॉर्न, असा प्रश्न पडावा. हे काम ऑटो-ट्यूनचं. 1997 मध्ये ते बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी भूगर्भातून परत येणाऱ्या लहरींचं गणित मांडायचे. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'मध्ये ते सॉफ्टवेअर मुद्दाम इतकं कडक लावलं गेलं की सूर सुधारायचं साधन स्वतःच दागिना झालं. भोजपुरीवाल्यांनी तो दागिना अंगभर घातलाय. मला ते आवडतं असं म्हणणार नाही, पण त्यात चोरी नाही. चोरी मला वाटते ती त्या हळुवार प्रेमगीतांत, जिथे गायक अगदी साधेपणाने, काळजातून गातोय असा आव असतो आणि आतून एकेक सूर गुपचूप सरळ केलेला असतो. श्वाससुद्धा कापून टाकलेले. धाप न लागता कोण प्रेमात पडतं?

चिंचवडगावात माझा एक मित्र आहे, जुन्या रेकॉर्डी जमवणारा. त्याच्या लेखी संगीताच्या दोनच जाती : मातीतलं आणि बनवलेलं. मातीतलं म्हणजे काय, असं विचारलं की तो 'सैराट'चं नाव घेतो. त्याचे संगीतकार अजय-अतुल आपल्याच जिल्ह्यातले, शिरूर-जुन्नर-राजगुरुनगर भागात वाढलेले, म्हणजे माती इथलीच. खरंय. पण 2016 च्या त्या गाण्यांत व्हायोलिनची जी लाट अंगावर येते ती लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाली. 'द विझार्ड ऑफ ऑझ'चं संगीत जिथे झालं, ती ही जागा. करमाळ्याच्या विहिरीत उडी मारणाऱ्या पोराच्या मागे हॉलिवूडचे वादक बसलेत. मला यात विसंगती दिसत नाही. मित्राला दिसते, म्हणून तो हा मुद्दा चहा सांगून टाळतो.

मग मी त्याला आळंदीला नेतो. चाकणहून कितीसं लांब? एखाद्या धर्मशाळेत भजन रंगलेलं असतं. पखवाज, टाळ, वीणा, पेटी. मित्र डोळे मिटून म्हणतो, "याला म्हणतात अस्सल." पेटी मूळची पॅरिसची. 1840 च्या सुमारास अलेक्झांद्र दबाँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाचा भाता काढून हाताचा बसवला, तेव्हा ती मांडी घालून वाजवता येऊ लागली. आकाशवाणीने तर 1940 पासून 1971 पर्यंत तिला परकी आणि बेसूर म्हणून बाहेर ठेवलं. त्या काळातल्या शुद्धतेच्या पहारेकऱ्यांना नकली वाटत होती ती हीच पेटी. वारकऱ्यांनी कुणाला विचारलं नाही, वाजवत राहिले.

वरातीतल्या बेंजोचीही तीच गत. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे वाद्य 1912 मध्ये जपानच्या नागोयात गोरो मोरिता यांनी काढलं, ताइशोगोतो या नावाने. चाकणच्या जपानी कंपन्यांतला एखादा साहेब तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमध्ये वरातीमागे अडकतो, काच वर करून बसतो, तेव्हा बाहेर आपल्याच देशाचं पोर आरडाओरड करतंय हे त्याला कोण सांगणार!

चिखलीतल्या एका गोंधळात संबळ वाजवणारे म्हातारबाबा एका बाजूला होते आणि ऑक्टापॅडवर त्यांचा नातू दुसऱ्या. पॅडमध्ये संबळाचाच आवाज भरलेला. मध्यरात्रीनंतर बाबा चहाला उठले, नातवाने एकट्याने ठेका धरला, आणि ऐन त्याच वेळी एका बाईच्या अंगात आलं. देवीने रोलँड कंपनीचं लेबल वाचलं नाही. म्हातारबाबा मात्र नंतर मला म्हणाले, "वाजवलं त्यानंच की. हात त्याचाच व्हता."

मित्राला हे पटतं, अर्धं. "वाद्य कुठलंही असू दे," तो म्हणतो, "पण गाणं काय लाइनवर जुळवायची गोष्ट आहे का?"

आहे. आपल्या पिंपरी-चाकण पट्ट्याला ज्या शहराची उपमा नेहमी देतात, त्या डेट्रॉइटमध्येच ते झालं. बेरी गॉर्डी 1955 च्या सुमारास लिंकन-मर्क्युरीच्या असेंब्ली लाइनवर कामाला होता. समोरून सांगाडे सरकायचे, हात चालायचे, डोक्यात हा चाली बांधायचा. एका टोकाला नुसता सांगाडा शिरतो आणि दुसऱ्या टोकाने चकचकीत गाडी बाहेर पडते, हे त्याने पाहिलं आणि माणसांच्या बाबतीत करायचं ठरवलं. 1959 मध्ये घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन त्याने कंपनी काढली, तीच पुढे मोटाउन झाली. राहत्या घराच्या गॅरेजचा स्टुडिओ. लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणाऱ्यांना उठणं-बसणं शिकवणारी बाई वेगळी. आठवड्याला मीटिंग व्हायची, तिचं नावच क्वालिटी कंट्रोल; गाणं पास की रिजेक्ट ते तिथे मतांवर ठरायचं. गाडीतल्या रेडिओवर कसं वाजेल हे बघायला मुद्दाम छोटा, किरकिऱ्या स्पीकर ठेवलेला. या लाइनवरून सुप्रीम्स उतरल्या, टेम्प्टेशन्स उतरले, मार्विन गे आणि स्टीव्ही वंडर उतरले. आज त्या गाण्यांना नकली म्हणायची कुणाची टाप नाही.

मोटाउनमध्ये खोट होती ती दुसरीकडे. जवळपास सगळ्या गाण्यांत तेच वादक वाजवत, फंक ब्रदर्स. जेम्स जेमर्सनचा बेस काढून घेतला तर त्यातली निम्मी गाणी जागेवर बसतील. पण 1971 मध्ये मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' येईपर्यंत त्यांची नावं मोटाउनच्या अल्बमवर छापलीच गेली नाहीत. पुढच्या वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला हलली. बऱ्याच वादकांना ते कळलं स्टुडिओच्या दारावरची नोटीस वाचून. दारावरची नोटीस म्हणजे काय, हे पिंपरी-चिंचवडमध्ये समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडेही तेच. जुन्या हिंदी गाण्यांतल्या ज्या तुकड्यांवर आपण जीव टाकतो, ते सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांनी बसवलेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे, लोकांना माहीत आहेत ते अमिताभच्या एका गाण्यातलं पात्र म्हणून. आमच्याकडे दोन रुपयांच्या ब्रॅकेटवरही व्हेंडर कोड आणि बॅच नंबरचा पंच असतो. पार्ट फेल गेला तर तो कुठल्या शेडमध्ये, कुठल्या पाळीत झाला इथपर्यंत माग काढता येतो. गाण्याचा माग गायक-संगीतकाराच्या पलीकडे जाईल तर शपथ. मला अस्सल-नकलीची ही एकच कसोटी पटते : कुणाचे हात लागले ते सांगता, की झाकता?

म्हणून विसर्जनाला वाजणाऱ्या रिमिक्सांवर माझा फार राग नाही. दर अर्ध्या मिनिटाला त्यात डीजेचं आणि त्याच्या गावाचं नाव गरजतं. कानाला टोचतं, पण पोराने स्वतःचा पंच तरी मारलाय. जाधववाडीतल्या अशाच एकाला मी विचारलं, "गाणं झालं, पण यातली ढोलकी कुणी वाजवलीय?"

"पॅकमध्ये आलेली, दादा."

"आणि पॅकमध्ये कुठून आली?"

त्याने मान खाजवली, लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि फोल्डर उघडला. ढोलकी 01, ढोलकी 02, ढोलकी 03... तो खाली सरकवत गेला, शेवटी 64 वर थांबला आणि म्हणाला, "नाव तर कुठंच नाय टाकलेलं."