दोन छेद तीन

दिवाळीच्या दिवसांत डाळजला पहाटे जाग येते ती उजनीच्या फुगवट्यावरून येणाऱ्या वाऱ्यानं. त्या वाऱ्याला ओल्या गाळाचा, पाणगवताचा आणि काठावर वाळत घातलेल्या जाळ्यांचा असा एक मिसळलेला वास असतो, आणि त्यातच तोडणीला आलेल्या उसाच्या फडातून पाचटाचा कोरडा, गोडसर वास येऊन मिळाला की मी पुन्हा दहा-अकरा वर्षांचा होतो आणि माझा हात आपोआप कोनाड्यातल्या पत्र्याच्या डब्याकडे जातो. डबा आता तिथे नाही. कोनाडाही नाही, मातीचं जुनं घर उतरवून त्या जागी सिमेंटचं बांधलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. तरी हात जातो.

यंदा तो असाच भिंतीला लागून परत आला, तेव्हा ओसरीवर पुण्याहून आलेला माझा नऊ वर्षांचा पुतण्या पालथा पडून एक जाडजूड अल्बम चाळत होता. एकेका पानावर तीन ओळींत तीन-तीन असे प्लास्टिकचे नऊ कप्पे, कप्प्याकप्प्यात पोकेमॉनची कार्डं, आणि पान उलटताना प्लास्टिकला चिकटलेलं प्लास्टिक सुटतं तेव्हाचा तो हलकासा चर्र आवाज. मी शेजारी टेकलो. वाटलं, हा आता आपल्याला आग ओकणारा एखादा ड्रॅगन दाखवणार. पण त्यानं बोट ठेवलं ते कार्डाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांवर.

"काका, चित्र नंतर बघ. आधी नंबर बघ."

चष्मा कपाळावर सारून मी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. पिवळ्या पिकाचूच्या पायाशी छापलं होतं : ०२५/१६५. म्हणजे एकशे पासष्ट कार्डांच्या संचातलं पंचविसावं. त्याच्या शेजारी संचाच्या नावाची तीन अक्षरं, त्यालाच लागून कार्ड कोणत्या भाषेतलं ते सांगणारी दोन अक्षरं, आणि पलीकडे एक चिमुकली खूण. काळा गोल असेल तर कार्ड नेहमी सापडणारं, चौकट असेल तर जरा कमी सापडणारं, चांदणी असेल तर दुर्मीळ. पुतण्या हे सारं पाढे म्हटल्यासारखं सांगत होता. अमेरिकेत १९९९ साली हा खेळ आला तेव्हा पहिल्या संचात १०२ कार्डं होती आणि चारिझार्ड नावाच्या त्या पंखवाल्या प्राण्याचा नंबर होता ४/१०२. पुढच्याच वर्षी जुनीच कार्डं घेऊन १३० चा नवा संच काढला, तेव्हा तोच चारिझार्ड, तेच पंख, तीच ज्वाला, पण कार्ड झालं ४/१३०. वरचं चित्र बघून दोघांत निवड करता यायची नाही. वरचा अंशही तोच. वेगळा आहे तो छेद, आणि संग्राहकाच्या लेखी सगळा जीव त्या छेदातच.

आमच्या डब्यात छेद नव्हता. त्या डब्यात काडेपेट्यांचे छाप होते, आणि छापांना नंबर नसतो. घोडा, मोर, जहाज, झुंजणारा चित्ता. रिकाम्या पेटीचा वरचा भाग पाण्यात भिजवून, नखानं कड उचलून, न फाडता सोडवायचा, चुलीच्या उबेला सपाट वाळवायचा, मग आजीच्या पोथीखाली दाबून ठेवायचा. त्याला गंधकाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास यायचा, आणि लाल शाई ओल्या बोटाला लागायची. कडेला बारीक अक्षरांत शिवकाशी असं काहीतरी असायचं. ते गाव कुठे आहे हे ठाऊक नसताना मी ते नाव एखाद्या राजधानीसारखं उच्चारायचो. पुणे-सोलापूर रस्त्यावरचा चहाचा टपरीवाला आमचा खजिनदार. मालट्रक थांबला, लांबच्या राज्यातल्या ड्रायव्हरनं बिडी पेटवली आणि पेटी भिरकावली, की आम्ही तिघं-चौघं धावायचो. एखादे दिवशी कुणी कधी न पाहिलेला हत्ती सापडायचा, आणि त्या दिवशी जग एका हत्तीनं मोठं व्हायचं.

जगात असे छाप एकूण किती, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच कधी पडला नाही. गोलात छाप मांडायचे, चपट्या दगडानं उडवायचे, जिंकलेले खिशात आणि हरलेले दुसऱ्याच्या खिशात. संपूर्ण संच नावाची गोष्टच नव्हती, म्हणून अपुरेपणही नव्हतं. आभाळातल्या चांदण्यांचं जसं असतं तसं. दिसतात तेवढ्या आपल्या.

अपुरेपण आलं ते ट्रम्प कार्डांबरोबर. भिगवणच्या आठवडे बाजारात, मासळीच्या पाट्या ओलांडून पुढे गेलं की जमिनीवर पोतं पसरून खेळणी विकणारा एकजण बसायचा, त्याच्याकडून वडिलांनी मला कुस्तीवाल्या पहिलवानांचा गठ्ठा घेऊन दिला. डब्ल्यूडब्ल्यूएफचे ते पहिलवान : हल्क होगन, अंडरटेकर, ब्रेट हार्ट, डोंगराएवढा योकोझुना. आम्ही जत्रेतल्या फडावरच्या कुस्त्या बघून वाढलेली मुलं, लाल मातीत हळद-तेलाच्या वासात निकाली कुस्ती कशी होते हे आम्हाला पक्कं माहीत होतं, त्यामुळे या चट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्यांतल्या माणसांकडे आम्ही आधी जरा संशयानं पाहिलं आणि मग त्यांच्यात पुरते बुडालो. चिंचेखाली बसून एकानं म्हणायचं, "वजन!" दुसऱ्यानं आपलं पान उघडायचं, जास्त वजनवाल्यानं ते जिंकायचं. उंची, छाती, दंड, लढती, जिंकलेल्या लढती. मला इंग्रजी आकडे वाचायला शाळेआधी त्या पानांनी शिकवलं.

आणि प्रत्येक पानावर एक रँक होती. आमच्या गठ्ठ्यात एका रँकेचं एकच पान, म्हणजे रँक हीच त्याची ओळख. एका दुपारी पानं रँकेप्रमाणे लावून बघावीत असं मनात आलं, शेणानं सारवलेल्या गार जमिनीवर एकापुढे एक मांडत गेलो, पाच, सहा, आणि पुढे आठ. सात नव्हता. आठवडाभर मी सात शोधला. धान्याच्या कणगीमागे, वाकळेच्या घडीत, गोठ्यातल्या कडब्यात. तो मुळात गठ्ठ्यात होता का हेही मला ठाऊक नव्हतं. आजी म्हणाली, "आरं, येवढी पानं हायती की हातात, नसलेल्याला कशाला धुंडतुयास?" मला उत्तर देता आलं नाही. आज देता येईल असं वाटतं. आकडे मांडले की मधली मोकळी जागा दिसू लागते, आणि ती एकदा दिसली की हातातल्या पानांपेक्षा तीच जास्त खरी वाटते. काडेपेट्यांचे शेकडो छाप माझ्याकडे नव्हते, पण एकाचाही विरह मला झाला नाही. सातव्या पहिलवानाचा झाला. तो कोण होता, काळा की गोरा, दाढीवाला की तुळतुळीत, मला अजूनही माहीत नाही. आणि त्या गठ्ठ्यातला माझ्या सर्वांत जवळचा तोच आहे.

या मोकळ्या जागेची ओढ किती जुनी आणि किती दूरवरची आहे हे मला फार पुढे वाचनातून कळलं. अमेरिकेत १९३३ साली गाउडी नावाच्या च्युइंगगमच्या कंपनीनं बेसबॉल खेळाडूंची २४० नंबरांची मालिका काढली. पोरं गमच्या पुड्यांवर पुड्या फोडत गेली, १०५ सापडला, १०७ सापडला, १०६ कुणालाच सापडेना. सापडणार कुठून? कंपनीनं तो छापलाच नव्हता. शेवटी ज्यांनी पत्रं लिहून विचारलं त्यांना १९३४ साली १०६ नंबरचं कार्ड, नॅप लाजोई या जुन्या खेळाडूचं, टपालानं पाठवलं गेलं. ही हकिकत वाचली तेव्हा त्या परक्या मुलांसाठी माझा जीव कळवळला, आणि त्यांचा हेवाही वाटला. त्यांच्या मोकळ्या जागेला निदान उत्तर आलं होतं, पाकिटातून, पोस्टमनच्या हातून.

पोस्टमन म्हटलं की मला आमचा स्वतःचा नंबर आठवतो. कारण नंबर असलेली पहिली वस्तू माझ्या आयुष्यात पत्ता नव्हता की पान नव्हतं. माझं गावच होतं. सरकारी दप्तरात डाळज तीन आहेत : डाळज नंबर एक, डाळज नंबर दोन, डाळज नंबर तीन. आम्ही नंबर दोनचे. मामा पत्रावर नंबर घालायचा विसरला की ते पत्र आधी दुसऱ्या डाळजेत मुक्काम करून, कुणाच्या तरी सायकलच्या कॅरिअरला अडकून, कडा मऊ पडून आमच्याकडे यायचं. खाली पिन कोड असायचा, ४१३ नं सुरू होणारा. पहिला चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग. आणि ४१३ हे तीन आकडे सोलापूर आणि लातूर शहरांच्या पिनचेही. जिल्हा आमचा पुणे, पण टपालाच्या गोतावळ्यात आम्ही पूर्वेकडचे. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, आणि संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारे होते, हे मला फार आवडतं. शब्द मोजून मापून वृत्तात बसवणाऱ्या माणसालाच सहा आकड्यांत अख्खा देश बसवता येत असावा.

हे सगळं मी पुतण्याला सांगत होतो, तो ऐकत होता की नाही कोण जाणे, कारण तोवर त्यानं अल्बमचं शेवटचं पान उघडलं होतं. तिथे एकच कार्ड होतं, झळाळणारं, आणि त्याचा नंबर छेदापेक्षा मोठा होता. मला वाटलं छापताना चूक झाली. तो म्हणाला, नाही, ही संचाबाहेरची गुपित कार्डं. २००० सालच्या एका संचात एकूण ८२ कार्डं होती आणि एक निघालं ८३/८२, तेव्हापासूनची ही रीत. एकूण गणतीत न धरलेलं, तरी असलेलं. मी समोरच्या पाण्याकडे पाहिलं. १९८० साली उजनीचं धरण पुरं झालं आणि भीमेच्या काठची कितीतरी वस्ती पाण्याखाली गेली. जवळच्या पळसदेवचं जुनं देऊळही बुडालं, पण पाणी खूप उतरलं की त्याचं शिखर, मग दगडी भिंती पुन्हा वर येतात, आणि माणसं होडीतून, चिखलातून दर्शनाला जातात. नकाशावरच्या गणतीत ते देऊळ नाही. आमच्या गणतीत आहे.

कार्डाचा गुळगुळीतपणा बोटाला जाणवत होता. शेजारी भादलवाडीत असा चकचकीत लेप दिलेला कागद बनवणारी मोठी गिरणी आहे, हे मी त्याला सांगितलं तेव्हा मात्र त्यानं मान वर केली. "म्हणजे कार्डाचा कागद आपल्या इथला?" हे कार्ड परदेशात छापलेलं, म्हणून नाही म्हणालो, पण ज्या मातीत मी भिजलेले छाप चुलीपाशी वाळवले, त्याच मातीवर आता तसा कागद रिळांनी गुंडाळला जातो, हे मला बरं वाटतं. गंधकाचा वास गेला, त्याची हळहळ आहे. पण या मुलाकडे भिंग आहे, भाषांची नावं आहेत, आपल्याकडे काय नाही हे शांतपणे मांडून ठेवायला नऊ कप्प्यांची पानं आहेत. माझ्याकडे फक्त डबा होता.

दुपारी तो जाड कागदाचा तुकडा कापून काहीतरी रंगवत बसला. संध्याकाळी माझ्यापुढे धरलं. आजीच्या काळातलं मातीचं घर, जे त्यानं फक्त फोटोत पाहिलंय. मागे निळं पाणी. पाण्यात कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात उतरतात ते रोहित, एका पायावर उभे. वर नाव : डाळज. खाली कोपऱ्यात २/३.

मी विचारलं, "आणि खूण? चांदणी ना?"

त्यानं जरा विचार केला, पेन्सिल ओली केली आणि काळा गोल काढला. "नेहमीचंच आहे की काका. इथं आलं की असतंच."

मी काही बोललो नाही. माझे घोडे, मोर, जहाजंसुद्धा काळ्या गोलाचीच होती. त्यानं अल्बममध्ये एक कोरं पान घातलं, मधल्या ओळीतल्या मधल्या कप्प्यात ते कार्ड सरकवलं, आणि त्याच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, असे दोन कप्पे बोटानं दाबून बघून रिकामे ठेवले.