लग्नाचा फुलवाला

लग्नातली फुलं संध्याकाळी कचऱ्यात जातात, बिल मात्र बाबांच्या पीएफमधून! म्हणून बहिणीच्या लग्नाची कोटेशन्स नीट वाचायला बसलो. सगळीकडे एकच शब्द: 'लमसम'.

आता पुण्याच्या मार्केट यार्डात झेंडू किलोवर मिळतो, डच गुलाब वीसच्या गड्डीत, जरबेरा दहाच्या. भाव पेपरात छापून येतात. मग किती गड्ड्या लावणार, ते लिहून द्यायला काय हरकत आहे?

तिघांपैकी एकानेच लिहून दिलं. वर विचारलं, "दादा, मुहूर्त कितीचा?" दुपारचा म्हटल्यावर म्हणाला, "मग मोगऱ्याच्या कळ्यांचे हार सकाळीच ओवू. मे महिन्यात आदल्या रात्रीचे टिकायचे नाहीत."

त्याच्याकडे ऑर्किडचा एकही फोटो नव्हता. काम त्यालाच दिलं. स्टेज काय, लोक लांबूनच बघतात हो. हार दोघांच्या गळ्यात असतो.