बिल्ल्याच्या कडेला

खंडोबा-म्हाळसेच्या टाकाशेजारी त्या देव्हाऱ्यात एक पंखवाली देवी होती. पायघोळ झगा, एका हातात झावळी, दुसरा हात पसरलेला. तिची आरती नव्हती, जत्रा नव्हती आणि ती कुठल्या गावची, हेही कुणी विचारत नव्हतं. सातारा जिल्ह्यातल्या त्या शेतकरी घरात पणजी तिला चिंचेने घासून लख्ख करायची आणि हळदकुंकू वाहायची. घरातली सगळ्यांत धाकटी पोर शाळेत इंग्रजी शिकू लागली, तेव्हा तिने देवी उलटी करून वाचली. मागच्या बाजूला होतं, ‘संस्कृतीसाठी झालेलं महायुद्ध’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आणि ‘१९१४-१९१९’. म्हणजे देवी नव्हेच, पणजोबांचा बिल्ला! पणजीला त्याने काही फरक पडला नाही. ती म्हणाली, “घरात पेन्शन आणली ना तिनं?”

ती पोर पुढे बँकेत लागली, पुण्यात स्थिरावली आणि आत्याकडून तो बिल्ला तिच्याकडे आला. तोवर चिंचेने आपलं काम केलं होतं. देवीचे नाकडोळे सपाट झाले होते. कडेची अक्षरं मात्र शाबूत होती, कारण घासणारा हात तोंडावरून फिरतो, कडेला क्वचितच लागतो. शिवाय वर्षानुवर्षांचं कुंकू त्या खाचांत बसलं होतं. तांबूस धातूवर लालसर अक्षरं: एक नंबर, ‘सिपॉय’, पणजोबांचं इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं नाव आणि ११० क्रमांकाची मराठा पलटण.

हा बिल्ला म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर दोस्तांच्या सैन्यात वाटलेलं ब्राँझचं ‘व्हिक्टरी मेडल’. ते एकटं कुणालाच मिळत नसे. त्याच्याबरोबर ‘ब्रिटिश वॉर मेडल’ असायचंच आणि ते चांदीचं. १९१५ संपायच्या आत जो रणभूमीवर पोचला त्याला तिसरा, चांदणीच्या आकाराचा ‘१९१४-१५ स्टार’ मिळे. इंग्लंडात या त्रिकुटाला एका वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेवरून ‘पिप, स्क्वीक आणि विल्फ्रेड’ अशी टोपणनावं पडली होती. साताऱ्याकडे टोपणनावं पडण्याआधीच त्रिकूट फुटलं. चांदीच्या पदकाचं वजन जवळजवळ पावणेतीन तोळे. लेकीच्या लग्नात ते सोनाराकडे गेलं आणि जोडवी-पैंजणांत मिसळलं. यात साताऱ्याचं काही वेगळं नव्हतं. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव आभाळाला भिडला, तेव्हा खुद्द इंग्लंडातही ही पदकं ढिगांनी वितळवली गेली. ब्राँझला सोनार हात लावत नाही, म्हणून देवी वाचली. चांदणीचं काय झालं, ते घरात कुणालाच सांगता येत नाही. एक चुलता म्हणतो, बेंदराला बैलाच्या कपाळावर बांधली होती, ती मिरवणुकीत पडली.

पण चांदणी होती, याला पुरावा आहे. भिंतीवरच्या वाळवी लागलेल्या फोटोत पणजोबा फेटा बांधून ताठ बसलेत आणि छातीवर तीन पदकं आहेत. त्यातलं पहिलं गोल नाही, टोकदार आहे.

त्या टोकांनी आणि बिल्ल्याच्या कडेने मिळून घरातली एक दंतकथा मोडली. सगळे म्हणायचे, आबा, म्हणजे पणजोबा, जर्मनाशी लढले. गावाकडे त्या युद्धाचं नावच ‘जर्मनची लढाई’. पण ११० वी मराठा लाइट इन्फंट्री होती सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये. हे डिव्हिजन फ्रान्सला गेलं नाही. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी त्याची पहिली तुकडी इराणच्या आखाताच्या टोकाशी फाओला उतरली. समोर होते तुर्क. त्याच महिन्यात बसरा पडलं. पुढे तैग्रिस नदीच्या काठाकाठाने वर चढत फौज बगदादच्या जवळ, टेसिफोनपर्यंत गेली आणि नोव्हेंबर १९१५ मधल्या लढाईनंतर मार खाऊन कूत-अल-अमाराला परतली. ७ डिसेंबरला तिथे वेढा पडला. आत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या.

वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापली जाऊ लागली. बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही आणि मूठभर सातूच्या पिठावर दिवस काढले. एप्रिलमध्ये विमानांतून पोती टाकली गेली, त्यातली काही नदीत पडली, काही तुर्कांच्या हाती लागली. २९ एप्रिल १९१६ रोजी वेढ्यातल्या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड याने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि हिंदी शिपायांपैकी कित्येकांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं.

पणजोबा त्या वेढ्यात होते का? फोटोतली चांदणी सांगते की १९१५ संपायच्या आत ते रणांगणावर पोचले होते. कड सांगते की पलटण कोणती. दोन्ही जोडले की बोट कूतकडे जातं. तरी आजारी पडून किंवा जखमी होऊन त्याआधीच मुंबईला परतलेलेही कितीतरी होते. पणजी एवढंच सांगायची, की आबा ताटात काही टाकू देत नसत. बँकेत हयात गेलेली ती पणती तेवढ्यावर व्हाउचर पास करायला तयार नाही.

मग कागद. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ब्रिटिश सैनिकांच्या पदकांची लाखो कार्डं आहेत, पण हिंदी शिपाई त्यांत सापडणं मुश्कील. तिथेच मेसोपोटेमियातल्या, म्हणजे याच आघाडीवरच्या, पलटणींच्या युद्ध-रोजनिश्या आहेत. त्यांत साहेब जखमी झाला तर नावानिशी नोंद होते, शिपाई पडले तर बहुधा नुसता आकडा. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबच्या शिपायांची गावोगावची रजिस्टरं मिळाली, त्यांतली सव्वातीन लाखांच्या आसपास शिपायांची माहिती २०२१ पासून संगणकावर येऊ लागली. साताऱ्याच्या घराला त्याचा उपयोग नाही.

बसऱ्याच्या स्मारकावरही तोच हिशेब. चाळीस हजारांवर माणसांची आठवण म्हणून ते उभारलं, पण हिंदी शिपायांची नावं दगडावर कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे मेलेल्यांची संख्या. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याची ख्यातीही आकड्यातच सांगतात: पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले. देशभर गावोगावी बसवलेल्या संगमरवरी पाट्या वाचाव्यात, तर या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. दगडाला मोजदाद पुरली. नाव घातलं ते लाखांनी पाडलेल्या, पुढे मोडीत गेलेल्या पदकांच्या कडेला, तेही मेलेल्याच्या आणि जगलेल्याच्या, दोघांच्याही.

आता ती पणती गावी गेली की लोक आपापले बिल्ले घेऊन येतात. कुणाचा शर्टाच्या बटणाला अडकवायची कडी जोडलेला, कुणाचा भोक पाडून गळ्यात घातलेला. मागच्या खेपेस गावकुसाबाहेरच्या वस्तीवरून एक म्हातारे आले. त्यांच्या रुमालातल्या पदकावर नागडा घोडेस्वार होता, म्हणजे ‘ब्रिटिश वॉर मेडल’. फक्त ते चांदीचं नव्हतं, ब्राँझचं होतं. लढणाऱ्याला चांदी, ओझी वाहणाऱ्या आणि रस्ते खणणाऱ्या मजूर तुकड्यांना ब्राँझ, असा सरकारचा भेद होता. अशी ब्राँझची सुमारे एक लाख दहा हजार पदकं निघाली.

म्हाताऱ्यांना वाटत होतं, आजोबा पलटणीत होते. तिने कड भिंगाखाली धरून नाव वाचून दाखवलं, मग पुढे हुद्द्याच्या जागी ‘लेबरर’ होतं तेही वाचलं. ते म्हणाले, “म्हणजे गेले होते ना?” गावच्या पाटीवर जितके गेले म्हणून लिहिलंय, त्यात हे धरलेत की नाही, ते आता ती शोधते आहे.