ताणून धरा

मुलीचा फोन आला तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि ही मेथी निवडत बसली होती. मुलगी-जावई टोरांटोच्या थंडीला कंटाळून आठवडाभर बार्बेडोसला गेले होते. तिकडे भर दुपार. "काय केलंत काल?" हिनं विचारलं. "काहीच नाही गं. नुसतं हॉटेल बदललं." तिथं म्हणे मनगटाला प्लास्टिकचा पट्टा बांधतात. तो असला की हवं ते खा, हवं तिथं लोळा. पहिल्या रिसॉर्टनं सकाळी पट्टा कापून घेतला, दुसऱ्याचा तीन वाजता मिळणार होता. मधले चार तास दोघं एका झाडाखाली बॅगांवर पाय टाकून बसून होते, कुणाचेच पाहुणे नव्हते. "बाबा, सगळ्यात छान दिवस कालचाच गेला," मुलगी म्हणाली.

बार्बेडोस म्हणजे माझ्या लेखी ब्रिजटाऊन, आणि ब्रिजटाऊन म्हणजे १९७१. मी चौदा वर्षांचा. चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत दोन ट्रान्झिस्टर होते आणि सरदेसाईच्या दीडशे धावा, सोलकरच्या पासष्ट हे आकडे जिन्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिले होते. सोलकर आमचा विशेष लाडका, कारण त्याचे वडील हिंदू जिमखान्याचं मैदान राखायचे आणि तोही एका खोलीतच वाढला होता. गावसकरनं त्या एका दौऱ्यात चार कसोटींत ७७४ धावा केल्या. त्या बेटांवर माणसं खेळायला जातात एवढंच आम्हाला ठाऊक होतं. झोपायला जातात, आणि झोपायची जागा मध्येच हौसेनं बदलतात, हे मला पन्नासेक वर्षांनी पोटच्या पोरीकडून कळलं.

हिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि विचारलं, "पहिली खोली वाईट होती का?"

"नाही म्हणे. चांगली होती."

"मग बदलली कशाला?"

हा प्रश्न आमच्या घरात फार खरा आहे. आम्ही जागा बदलली ती दर वेळी मागून कुणीतरी ढकललं म्हणून. आणि दर वेळी सामानात एक चादर होती, ती अजून आहे, तिच्याबद्दलच सांगायचंय.

मांजरपाटाची, कोरी असताना पिवळसर, आता दुधावरच्या सायीसारखी. वडील काळाचौकीच्या एका मिलमध्ये साचे खात्यात होते, दोन साचे चालवायचे. मिलच्या दुकानातून कामगारांना कमी भावात कापड मिळे, त्यात दोषाचा माल आणखी स्वस्त. अशा दोन चादरी त्यांनी आणल्या, मी तिसरी-चौथीत असेन. आमच्या चादरीतला दोष एका टोकापासून वीतभर आत आहे. आडवा धागा तुटला आणि साचा तसाच दोन-चार फेरे चालला, त्यामुळे तिथं एक बारीक फट पडलीय, नखानं ओढल्यासारखी. उजेडासमोर धरली की दिसते, एरवी बोटांना लागते. वडील कधीमधी त्या फटीवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "ह्याने साचो थांबवक होयो होतो." ह्याने म्हणजे कोणी, ते माहीत नाही. कदाचित ते स्वतःच.

घडीचं काम रोज सकाळचं. दहा बाय बाराची खोली, आम्ही सातजण. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत अंथरुणं उचलली नाहीत तर स्टोव्ह ठेवायला जागा नाही. आई एका बाजूला, वडील दुसऱ्या. चारी टोकं धरून आधी एक झटका, मग ओढ. "ताणून धर," वडील म्हणायचे. "ताण दोनय बाजूक सारखो." साचेवाल्याला दुसरं काय सुचणार. मग टोकाला टोक, दोघांनी एकमेकांकडे चार पावलं चालत यायचं, वडिलांच्या हातातली टोकं आईच्या हातात, वडिलांनी खाली वाकून लोंबती दुमड उचलायची. खोलीत चार पावलांना जागा नव्हती, म्हणून हा कार्यक्रम गॅलरीत व्हायचा. पलीकडच्या रुळांवरून गाडी जायची. चिंचपोकळीला फक्त स्लो गाडी थांबते, त्यामुळे डब्यातली माणसं आमची घडी नीट पाहून जात असतील. आईवडिलांना मी एकमेकांच्या इतक्या जवळ दिवसभरात दुसऱ्या कुठल्या वेळी पाहिल्याचं आठवत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याबद्दल खूप लिहून झालंय, मी काय भर घालणार. आमच्यापुरतं एवढंच, की गिरणगावातले सगळेच म्हणत होते तसं वडीलही दोन महिन्यांत मिटेल म्हणाले. पावसाच्या तोंडावर त्यांनी एका चादरीत वळकटी बांधली आणि परळ डेपोतून एसटीनं गावी गेले, वेंगुर्ले तालुक्यात. ती चादर परत आली नाही. तिच्यावर आमसुलं वाळत घातली आणि तिचा रंग गेला, म्हणजे खरं तर आला. मिल पुन्हा चालू झाली तेव्हा वडिलांना आत घेतलं नाही. हजारोंना घेतलं नाही, त्यातले ते एक.

मी महापालिकेच्या शाळेत नुकता लागलो होतो, त्या पगारावर घर चाललं आणि त्याच पगारावर १९८३ च्या मे महिन्यात माझं लग्न झालं. मुलगी लालबागची, म्हणजे चालत दहा मिनिटांवरची. उरलेली चादर तेव्हा पडदा झाली. खिडकीच्या गजापासून मोरीच्या खुंटीपर्यंत सुतळी बांधून आईनं ती टांगली, दोष असलेली बाजू वर. अलीकडे आम्ही दोघं, पलीकडे आजी आणि धाकटी बहीण. आई, वडील आणि भाऊ गॅलरीत. चाळीत सगळ्या नव्या जोडप्यांची हीच सोय असे आणि सगळे ती न दिसल्यासारखं करत. पहिल्या रात्री गॅलरीतला दिवा त्या फटीतून आत आला आणि समोरच्या भिंतीवर उजेडाची एक बारीक रेघ पडली. "तिथं काय फाटलंय का?" हिनं कुजबुजत विचारलं. मी तिला तुटलेल्या धाग्याची गोष्ट सांगितली. तासभर आम्ही विणकामावर बोललो. पलीकडून आजी म्हणाली, "झोपा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी सवयीनं चादरीचं टोक धरलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ते माझ्या हातात दिलं.

पुढे आई गेली, वडील गेले, बहिणीचं लग्न झालं, भाऊ बदलापूरला गेला. चाळ पाडायची ठरली. बिल्डर म्हणाला तीन वर्षं, ती सात झाली. संक्रमण शिबिरातली खोली गळकी होती आणि चादर कपाटावर पांघरलेली असायची. त्या सात वर्षांबद्दल ही एक अक्षर काढू देत नाही, म्हणून इथंही काढत नाही.

आता अकराव्या मजल्यावर तीनशे चौरस फूट आहेत. पलंग आहे. पलंगाला चारी बाजूंनी इलॅस्टिक असलेली चादर आहे, मुलीनं पाठवलेली. ती अंथरायला एक माणूस पुरतो. घडी मात्र तिची एकालाही जमत नाही आणि दोघांनाही नाही. आम्ही ती बोळा करून कपाटात कोंबतो. सार्वजनिक सोयींवर वाढलेल्या माणसाला खासगीपणाची सवय व्हायला वेळ लागतो, पण या चादरीची होणार नाही असं दिसतंय.

तर मुलीच्या त्या फोननंतर मी ठरवलं, आपणही विनाकारण जागा बदलायची. फेब्रुवारीत कोकणकन्येनं कुडाळला उतरलो. चार रात्री. दोन देवबागला, दोन समोर भोगव्याला. देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामध्ये लांबलचक निमुळती वाळूची पट्टी. एका दारातून लाटा दिसतात आणि मागच्या दारातून खाडी. टोकाला संगम, आणि संगमापलीकडे भोगवे, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटावं इतकं जवळ. गाडीनं जायचं तर खाडीला मोठा वळसा. होडीनं मात्र चहा निवेपर्यंत पोचतो.

"सामान एकदा लावलं की पुन्हा बांधायचं कशाला?" ही जाईपर्यंत म्हणत होती. आणि बॅगेत सगळ्यात खाली तिनं मांजरपाटाची चादर घातली होती. परक्या चादरीवर तिला झोप येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आंबोळी, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, चहा. दहाला खोली सोडायची. मी अंगवळणी पडल्याप्रमाणे सहालाच उठून सामान बांधायला लागलो. ही म्हणाली, "कुणी बाहेर काढतंय का? बसा." बसलो. पाच मिनिटांनी पुन्हा उठलो. आयुष्यभर जागा सोडताना आपलं काही मागे राहील ही धास्ती, ती अशी एका सकाळीत जात नाही. पलंगाखाली दोनदा वाकून पाहिलं. एक रबरबँड सापडला, तो आमचा नव्हता, तरी घेतला.

होडीवाल्यानं दोन बॅगा पुढे ठेवल्या आणि मधल्या वाळूच्या बेटाकडे हात केला. २००४ च्या सुनामीनंतर हे वर आलं असं इथं सांगतात, त्सुनामी आयलंडच म्हणतात त्याला. त्यावर लोक पाण्याचे खेळ खेळत होते, केळ्याच्या आकाराच्या रबरी होडीवर बसून मुद्दाम पडत होते. "बघा, तुमचा बार्बेडोस," ही म्हणाली. होडी दहा-बारा मिनिटांत पलीकडे लागली. साडेदहा वाजले होते.

भोगव्याच्या मालकीणबाई अंगणात केर काढत होत्या. "खोली आवरूची आसा अजून. बसा हयसर," त्या म्हणाल्या. त्यांनी दोन पेले सोलकढी आणून दिली आणि बॅगा पडवीत ठेवून घेतल्या. कसलीही पावती नाही, पट्टा नाही. हिनं बॅगेतून चादर तेवढी काढून घेतली आणि आम्ही सुरूच्या झाडांखाली गेलो.

देवबागची खोली सुटली होती, भोगव्याची मिळाली नव्हती. खिशात कुठलीच किल्ली नाही. घरची शेजाऱ्यांकडे. मी मनातल्या मनात हिशोब केला की अशी वेळ याआधी कधी आली होती का. आली होती. चाळ रिकामी केली त्या दिवशी दुपारी, टेम्पो पुढे गेला आणि आम्ही दोघं चिंतामणी गणपतीच्या मंडपाच्या जागेपाशी पिशव्या घेऊन उभे होतो. तेव्हा ही रडली होती. मी तिला ते आठवतंय का विचारणार होतो, पण ती झोपली होती. चादर वाळूवर पसरलेली, फट पायांकडे. इतक्या वर्षांत तिनं ती डोक्याकडे एकदाही घेतलेली नाही. सुरूच्या सुया वाऱ्यानं गळून चादरीवर पडत होत्या आणि तिच्या केसांत. मी वेचत बसलो. दुसरं काही काम नव्हतं.

बाराच्या सुमारास एक मुलगा येऊन सांगून गेला, खोली तयार. मी मान हलवली. एकला पुन्हा आला, जेवण तयार, बांगडे गरम आहेत. मी ओठांवर बोट ठेवलं. तो हसून निघून गेला.

दोनला ही उठली. "किती वाजले? खोली?"

"दोन तास झाले मिळून."

"आणि तुम्ही इथंच?"

चादरीत वाळू गेली होती. आम्ही चार टोकं धरून उभे राहिलो आणि पहिला झटका दिला तर समुद्रावरून येणारं वारं चादरीत शिरलं आणि ती शिडासारखी फुगून हिला दोन पावलं पुढे घेऊन आली. पुन्हा मागे गेली. पुन्हा तेच. मुलगा हातात किल्ली घेऊन तिसऱ्यांदा आला होता, तो उभा राहून बघायला लागला. मदतीला पुढे आला तर हिनं त्याला हातानंच थांबवलं.

"काका, चुरगाळून घ्या ना तशीच," तो म्हणाला.

"ताणून धरा हो जरा," ही मला म्हणाली, आणि आम्ही चौथ्यांदा सुरुवात केली.